म्हाताऱ्या नवरदेवाची चार पावलं

जुनं विनोदी नाटक बॅलेसाठी घ्यायचं ठरलं, तेव्हा धाकटीने म्हाताऱ्या नवरदेवाचं काम डोळे झाकून दादाला दिलं. तिला नाच शिकवला तो त्यानेच. आता ती दिग्दर्शिका होती आणि तो तिच्या हाताखाली नाचत होता.

नाटकाच्या शेवटी तरुण जोडपं म्हाताऱ्याला बनवून लग्न उरकतं आणि म्हातारा जाता जाता दोन शब्द बोलतो. बॅलेत शब्द नव्हते. धाकटीने त्या जागेला सरळ कात्री लावली.

"बोलणं काढलंस, ठीक," दादा तालमीत म्हणाला, "पण त्याला चार पावलं तरी दे. तोही लग्नालाच आला होता गं."

"लोक हसत घरी गेले पाहिजेत, दादा. तू रडवशील."

"थोडंसंच."

"नको म्हटलं ना!"

पहिल्या प्रयोगाला वरातीने त्याला ढकललं, पण तो पुढे येऊन थांबला. हातातला गुच्छ कुठे ठेवावा हे न कळून इकडेतिकडे बघू लागला. प्रेक्षागृह चिडीचूप. विंगेतून धाकटीने पडदेवाल्याला खूण केली. पडदा धाडकन पडला. वरात आत, म्हातारा बाहेर. लोक खो खो हसले. दादा कसाबसा वाकून पडद्याखालून आत शिरला.

पुढचे सगळे प्रयोग त्याने सांगितल्याबरहुकूम केले आणि मग गुडघ्यांचं निमित्त काढून नाच सोडला.

वर्षभराने बॅले पुन्हा उभा करताना धाकटीला तो शेवट सलायला लागला. ती दादाच्या घरी गेली. तो स्वयंपाकघरात मटार सोलत होता.

"दादा, तुझा शेवट करू या. तू नाहीस तर नव्या मुलाला शिकव."

"काय शिकवू? मी बसवलं कुठे होतं? तिथे उभा राहिलो आणि सुचायला लागलं. पुढचं पाऊल मलाही ठाऊक नव्हतं."

"मला बघायचं होतं रे."

"मलाही," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

मग तिने स्वतःच चार पावलं बसवली. प्रयोगाला लोकांनी डोळे पुसले. दादा वहिनीला घेऊन आला होता. त्याने मनापासून टाळ्या वाजवल्या.

"असंच काहीतरी होतं का?" तिने बाहेर गाठून विचारलं.

दादाने जरा विचार केला. "नाही. पण छान आहे. हेच ठेव."

आणि वहिनीचा हात धरून तो एकेक पायरी उतरू लागला.