ओळख न दाखवता

आपल्या बायकोचे पेशंट चष्मेवाल्याला चेहऱ्यावरून ओळखता येत, आणि ही गोष्ट अकरा वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी सांगितली नव्हती.

चेहऱ्यावरून म्हणजे त्यांच्या नव्हे, तिच्या. ती मानसोपचारतज्ज्ञ होती. घरापासून चार रस्ते पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर तिची खोली. दोन खुर्च्या, एक मंद दिवा, टिश्यूचा डबा आणि येणाऱ्याच्या पाठीमागे टांगलेलं घड्याळ, म्हणजे वेळ तिला दिसावी आणि त्याला टोचू नये. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने नवऱ्याला समोर बसवून नियम सांगितले होते. माझ्याकडे कोण येतं ते विचारायचं नाही. विचारलंस तर मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. बाहेर कोणी भेटलं तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. त्यांना दाखवायची असली तर ते दाखवतील. चष्मेवाल्याने सगळ्याला मान डोलावली. नवा नवरा कशाला मान डोलावत नाही ते सांगा!

आता ही बाई एरवी अशी की लिफ्टमधल्या परक्या बाळालाही हसून हाक मारणार, भाजीवाल्याच्या गुडघ्याची चौकशी करणार. पण अधूनमधून रस्त्यात कोणी समोर यायचं आणि तिचा चेहरा फडक्याने पुसलेल्या पाटीसारखा कोरा व्हायचा. दोन सेकंद, फार तर तीन. ज्या माणसाचं आयुष्य दोन डोळ्यांमधलं अंतर आणि नाकाची चढण मोजण्यात गेलं, त्याच्या नजरेतून हे कसं सुटावं? हा एक, तो मनात म्हणायचा. ही आणखी एक. त्यात त्याला आपली हुशारी वाटायची, आणि कोणाचं काही बिघडतही नव्हतं.

मुलीला घरात सगळे भुंगी म्हणत, कारण नऊ वर्षांची ती पोर जेवताना, झोपताना, दात घासताना सतत काही ना काही गुणगुणायची. तिला व्हायोलिन शिकायचं होतं. चष्मेवाल्याने वाद्यांच्या दुकानातल्या फलकावरून एका बाईंचा नंबर आणला. बाई तिशीच्या, अंगाने बारीक, बोलणं इतकं हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागे. पण वाद्य हातात घेतलं की त्यांचे खांदे सैल पडत. भुंगी पहिल्याच तासाला त्यांच्यावर फिदा झाली.

तिसऱ्या तासाला बायको लवकर घरी आली. दारातच दोघी समोरासमोर आल्या, आणि बायकोचा चेहरा कोरा झाला. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून व्हायोलिनच्या पेटीची कडी उगाच उघडली नि लावली.

रात्री ताटं विसळताना बायको म्हणाली, "भुंगीसाठी दुसरं कोणी शिकवणारं मिळतंय का बघ."

"का? चांगलं शिकवतात की."

"चांगलंच शिकवतात. तरी बघ."

त्याने का म्हणून पुढे विचारलं नाही, कारण विचारायचं नव्हतं. आणि दुसरं कोणी शोधलंही नाही, कारण भुंगीने रडून घर डोक्यावर घेतलं असतं.

घरात तोंडाला असं कुलूप, म्हणून दुकानात त्याची जीभ मोकाट सुटायची. गिऱ्हाईक दहा मिनिटं समोर बसलेलं असतं, हात कामात असतात, मग माणूस बोलणारच. बायकोच्या कामाबद्दल एक अक्षर तो बोलायचा नाही, हे त्याचं ब्रीद होतं. पण भुंगी काय म्हणाली, बायकोला कोणता स्वेटर आणला, तिसरं बोट जरा मागे पडतं म्हणून सूर खाली लागतो असं बाई सांगत होत्या, हे सगळं काउंटरवर पसरलेलं असायचं. घरचं बोलणं म्हणजे गुपित थोडंच?

त्याचे सगळ्यात आवडते श्रोते म्हणजे नकाशेवाले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचे, कुठल्याशा कचेरीत जमिनीचे नकाशे काढतो म्हणायचे. त्यांच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू दर शुक्रवारी ढिला व्हायचा. चष्मेवाला तो पिळून द्यायचा, पैसे घ्यायचा नाही, आणि दोघं गुरुवारच्या मालिकेवर बोलायचे.

ती मालिका तेव्हा घरोघरी चालू होती. एक मानसोपचारतज्ज्ञ बाई, तिचा नवरा, दोन मुलं, आणि त्यांच्या मागे हात धुऊन लागलेला कोणी एक. चष्मेवाला गुरुवारी जेवण उरकून पडद्यासमोर बसायचा आणि बायको पुस्तक घेऊन आत जायची. "आमच्या धंद्यात असं नसतं," ती म्हणायची. "माणसं फक्त दुःखी असतात." पण दुःखी माणसांवर मालिका कोण बघणार!

पहिलं पत्र आलं ते तिच्या कामाच्या पत्त्यावर. खाली सही नव्हती, म्हणूनच तिला ते घरी दाखवता आलं. 'निळा स्वेटर तुम्हाला शोभतो. दुःख ऐकणाऱ्या माणसाने निळंच घालावं.' दुसऱ्यात ती कुठल्या वळणावर क्षणभर थांबते ते लिहिलं होतं. तिसऱ्यात एक फोटो होता, शाळेच्या फाटकातून बाहेर पडणारी भुंगी, आणि मागे एकच ओळ: 'भुंगीचा सूर अजून खाली लागतो.'

पोलिसांनी पत्रं उलटीपालटी करून पाहिली आणि यात धमकी कुठे आहे, असं विचारलं. काही झालं तर या, म्हणाले. काही झाल्यावर यायला कोण उरणार, हे चष्मेवाला ओठांवर आलेलं गिळून बाहेर पडला.

"तुझ्यापैकीच कोणीतरी आहे," तो वाटेत म्हणाला.

"नाही. माझ्यापैकी कोणी नाही."

"तू तसंच म्हणणार."

ती रस्त्यात थांबली. "मी कधी असं काही सांगत नाही, म्हणून आज सांगतेय तर ऐक ना रे. अक्षर, भाषा, सगळं पाहिलं मी. हे माझ्याकडचं माणूस नाही."

त्याने ऐकलं, पण त्याला ते पटलं नाही. गेल्याच भागात मालिकेतली बाई नवऱ्याला नेमकं हेच म्हणाली होती, आणि शेवटी पेशंटच निघाला होता. शिवाय भुंगी हे नाव घराबाहेर कोणाला ठाऊक होतं? सूर खाली लागतो हे कोणाला ठाऊक होतं? दारातला तो कोरा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. दुसरं कोणी बघ, असं ती उगाच का म्हणाली? बोलता येत नाही, म्हणून बिचारी खुणेने सांगत होती आणि आपण गाढवासारखे बसून राहिलो, असा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का झाला.

शुक्रवारी नकाशेवाले स्क्रू घेऊन आले. पत्रांबद्दल तो त्यांना बोलला नाही, मालिकेबद्दल बोलला. नकाशेवाल्यांनी काच रुमालाने पुसली. "पेशंटच असतो हो नेहमी," ते म्हणाले. "आणि घरात येण्याजाण्याची सोय असलेला. नवऱ्याने वेळीच हातपाय हलवले असते तर पुढचं सगळं टळलं असतं."

संध्याकाळी त्याने दुकान लवकर बंद केलं आणि जिन्यातच बाईंना गाठलं. वरून भुंगी तारा जुळवत असल्याचा आवाज येत होता.

"बाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका. आजही नको."

"काही चुकलं का माझं?"

"तुम्ही माझ्या बायकोच्या पेशंट आहात. मला माहीत आहे सगळं. यापुढे माझ्या मुलीच्या आसपास दिसलात तर मी सरळ पोलिसांत जाईन."

बाईंनी कठड्याला धरलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, भीतीही आली नाही. नुसता रंग उतरला.

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

इथे तो नाही म्हणू शकला असता. खरं तेच होतं. पण नाही म्हटलं तर बोलण्यातला जोर जाईल, बाई वाद घालतील, असं त्याला वाटलं.

"हो," तो म्हणाला. "तिनेच सांगितलं."

बाईंनी पेटी दुसऱ्या हातात घेतली. "तिला तिसरं बोट जरासं पुढे टेकवायला सांगा," त्या म्हणाल्या, "म्हणजे सूर लागेल." आणि जिना उतरून गेल्या.

भुंगीला त्याने बाई परगावी गेल्यात असं सांगितलं. बायकोला म्हणाला, दुसरं कोणीतरी बघतोय. तिने हातातलं काम न थांबवता "बरं" म्हटलं. पुढच्या शुक्रवारी काउंटरवर मात्र त्याला राहवलं नाही. "ती व्हायोलिनवाली काढली एकदाची," तो स्क्रू पिळत म्हणाला. "पायातल्या काट्यासारखी अलगद उपसली, बघा. घरात पुन्हा श्वास घेता येतोय." नकाशेवाल्यांनी तोंडभरून शाबासकी दिली.

सोमवारी चौथं पत्र आलं. बायकोने ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचून दाखवलं. 'आता मधे कोणी नाही. तुमच्या यजमानांनी त्या बाईला पायातल्या काट्यासारखी अलगद उपसली. घरात आता श्वास घेता येत असेल.'

चष्मेवाल्याने पत्र तिच्या हातून घेतलं. ते शब्द त्याचे होते, जसेच्या तसे, आणि ते त्याने जगात एकाच माणसापुढे उच्चारले होते. दर आठवड्याला ढिला होणारा स्क्रू. जवळपास बिननंबरी काचा. इतकी वर्षं डोळ्यांचा धंदा करून त्याला हे दिसलं नव्हतं. त्या माणसाशी बायकोची दुकानात एकदा गाठ पडली होती, तेव्हा ती किती मोकळं हसली होती. परक्याशी हसते तशी.

"नकाशेवाले," तो कसाबसा म्हणाला. "मी सांगायचो त्याला. सगळं मीच सांगायचो."

पण बायको दुसऱ्याच शब्दावर अडकली होती. "उपसली म्हणजे? काय म्हणालास तू बाईंना?"

त्याने सांगितलं. जिना, पेशंट, पोलीस, सगळं.

"आणि त्यांनी विचारलं, मी सांगितलं का?"

"हो."

"मग तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

ती खुर्चीत बसली. "तुला कळलं कसं?" तिने विचारलं. तेव्हा त्याला अकरा वर्षांचं ते कसब सांगावं लागलं, तिच्या कोऱ्या चेहऱ्याचं. बोलताना आपण किती ओशाळे दिसत असू, याची त्याला लाज वाटत होती. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग उठली, पर्स उचलली आणि तशीच बाहेर गेली. तासाभराने परतली तेव्हा कुठे गेली होती ते तिने सांगितलं नाही.

चष्मेवाल्याने चौथं पत्र पोलिसांकडे नेऊन नाव सांगितलं, आणि शुक्रवारी त्यांनी नकाशेवाल्यांना दुकानातच धरलं. त्यांच्या पिशवीत भुंगीचे आणखी चाळीस फोटो निघाले, आणि एक बारका स्क्रूड्रायव्हर. पेशंट ते कधीच नव्हते. चार वर्षांपूर्वी त्यांनी एकदा फोन करून वेळ मागितली होती आणि जागा नाही असं उत्तर मिळालं होतं, एवढाच काय तो संबंध. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सुटलात बाबा म्हणून पाठ थोपटली. मालिकाही त्याच सुमारास संपली, म्हणतात. चष्मेवाल्याने शेवटचे भाग पाहिले नाहीत.

तो बाईंच्या खोलीवर गेला. तिथल्या घरमालकिणीने दार अर्धवट उघडलं. "त्यांचा भाऊ आला होता, सामान घेऊन गेला. मला काही विचारू नका," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. मग त्याने पत्र लिहिलं. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं: 'माझ्या बायकोने तुमच्याबद्दल मला एक शब्दही सांगितला नव्हता. मी खोटं बोललो. ती तशी नाही. कृपा करून तिच्याकडे जात जा.' पाकीट बंद करून त्याने ते एका रविवारी सकाळी बायकोसमोर टेबलावर ठेवलं.

"एवढं त्यांना पोचवशील?"

तिने पाकिटाकडे पाहिलं. हात लावला नाही.

"घेतलं तर मी कोणाला तरी ओळखते असं होईल."

"मग नको घेऊस. त्या बऱ्या आहेत एवढं सांग. नुसती मान हलव. मला झोप लागत नाही गं."

"कोणाबद्दल बोलतोयस, मला माहीत नाही," ती म्हणाली.

आवाज नियमाप्रमाणे सरळ होता. पण चेहरा कोरा झाला नाही. तिने तो कोरा करायचा प्रयत्न केला, हे त्याला दिसलं. हनुवटी थरथरली, आणि तोंडावर हात यायला उशीर झाला. या चेहऱ्यावर त्याच्याइतकी नजर कोणाची नव्हती. बाई आता या जगात नाहीत, हे त्याला तिथल्या तिथे, पुरतं कळलं. वाचता येत नसतं तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं. त्याने नजर खाली वळवली, कळल्याचं दाखवलं नाही, आणि पाकीट उचलून खिशात घातलं.

आतून भुंगीने हाक मारली. "बाबा, बाई कधी येणार परत? माझं तिसरं बोट आता नीट पडतंय, त्यांना दाखवायचंय."

बायको काही बोलू शकणार नव्हती. उत्तर त्यालाच द्यायचं होतं. तो दारात जाऊन उभा राहिला.

"नाही येणार, बाळा."

"का? परगावाहून आल्या की?"

"त्या परगावी नव्हत्या गेल्या. मी त्यांना येऊ नका म्हणालो होतो."

भुंगीने व्हायोलिन खांद्यावरून खाली घेतलं. "मग त्यांना परत या म्हणून सांग ना," ती म्हणाली, आणि तो काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत राहिली.