सतरा नंबरचा निंब

डोळे मिटून बघ बरं. सदुसष्ट सालचा चैत्र, धुळ्याबाहेर आग्रा रोड, कडेला एक मोठा निंब. निंबाखाली अमीनभाईंचं सायकलचं दुकान. पंक्चरची ट्यूब घासायची कानस हातात आहे, पण ते घासतायत ती ट्यूब नाही. ते झाडाचा बुंधा घासतायत.

सकाळीच कॉलेजच्या बाईंनी त्यावर चुन्याने १७ लिहिलं होतं.

"पुसी टाक भाऊ," बाकावरचे जीवरामआबा म्हणाले. "पाचोराकडे आकडा टाकेल झाडं आठ दिनमा तोडी टाकात."

अमीनभाईंची दहा वर्षांची जरीना बघत होती. झाड गेलं तर दुकान कुठल्या सावलीत मांडायचं, एवढं तिलाही कळत होतं.

दुपारी शाळेच्या ओट्यावर सभा भरली. आकडा टाकणाऱ्या त्या बाई, कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकवणाऱ्या कुंदाबाई, म्हणाल्या, "चार वर्षं आम्ही या रस्त्याची झाडं पाहतोय. उन्हाळ्यात कुठलं हिरवं राहतं, कुणाचं बी चांगलं उगवतं. त्यातली बावीस निवडली. रस्ता रुंद होणार आहे. नंबर असलेली झाडं ठेवायची, असं रस्तेवाल्यांनी कबूल केलंय."

अमीनभाई उठले. "बाई, माझ्या झाडातला ट्यूबा टांगायचा खिळा तुम्ही वहीत कशाला लिहिलात?"

"तो काढायला सांगणार होते. तिथून पाणी मुरतं, खोड कुजतं."

"करवतवाला बी पहिले खिळाच पाहस, करवतना दात तुटू नही म्हनीसन!" आबा म्हणाले. ओटा हसला. कुंदाबाईही हसल्या, पण जरा उशिरा.

जरीनाने हात वर केला. "नंबर पुसला गेला तर?"

बाईंची नजर अमीनभाईंच्या बोटांवरच्या पांढऱ्या भुकटीवर गेली. "मग रस्तेवाल्यांना ते झाड बाकीच्यांसारखंच."

अमीनभाईंनी हात खिशात घातला.

निघताना बाई जरीनाला म्हणाल्या, "पावसाळ्याच्या तोंडावर निंबोळ्या पिकल्या की माझ्यासाठी वेचशील? पण वेचल्या की लगेच कळव हं. पंधरा-वीस दिवस गेले की बी उगवत नाही."

परतताना अमीनभाई पुटपुटले, "गोड बोलून गळा कापणारे पाहिलेत मी."

जरीना झाडं बघत चालली होती. शिरसाच्या सरळसोट, जाड झाडावर आकडा नव्हता. पुढच्या निंबावर १६ होता. तो कमरेत वाकलेला, गाठीगाठींचा. पण त्याच्या सावलीत दोन बैलगाड्या सोडलेल्या होत्या.

"अब्बा, ह्याची फळी निघेल?"

"ह्या वाकड्याची? चुलीत घालायला ठीक."

"आणि त्या शिरसाची?"

"त्याची काय, दरवाजे होतील." बोलता बोलता अमीनभाई थांबले. मागे वळून त्यांनी शिरस पाहिला, मग पुन्हा तो वाकडा निंब.

दुकानाशी आल्यावर ते चाकाचे आरे कसायला बसले. त्यांची मान वर झाली नाही.

जरीनाने त्यांच्या पानाच्या डबीतला चुना वाटीत कालवला. घासून काढलेली जागा दुकानाच्या बाजूला होती. तिकडे ती गेलीच नाही. स्टूल ओढत ती झाडाला वळसा घालून रस्त्याच्या अंगाला गेली, टाचा उंचावल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकमधूनही वाचता येईल एवढा मोठा आकडा काढायला लागली.