शुक्रवारची खुर्ची

"आता बस झालं," असं बाइंडर म्हणाला तेव्हा त्याच्या बायकोच्या तोंडात टाचण्या होत्या. कुणाच्या तरी झग्याची खालची दुमड ती घालत होती. तिने एकेक टाचणी ओठांतून काढली, एकेक कापडात खोचली, आणि मगच विचारलं, "काय बस झालं?"

"ते यंत्र."

गल्ली त्यांना कामावरूनच हाक मारायची. तो पुस्तकं बांधायचा म्हणून बाइंडर, ती कपडे शिवायची म्हणून टेलरबाई. लांबट खोलीच्या एका टोकाला त्याचा लोखंडी दाब आणि खळीचं भांडं, दुसऱ्या टोकाला तिचं शिलाई मशीन, मधे ओटा. दोघांचाही जीव सुईदोऱ्यात. सहा वर्षांपूर्वी त्याच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं आणि त्या घरात तिसरी सुई आली. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी दवाखान्यातल्या खुर्चीत चार-चार तास बसायचं, डाव्या हाताच्या फुगवलेल्या शिरेत दोन जाड सुया घ्यायच्या, आणि यंत्राने रक्त काढून, धुऊन, अंगात साठलेलं पाणी उपसून परत द्यायचं. साठलेलं पाणी आपसूक बाहेर पडायची वाट अंगात उरली नव्हती. म्हणून प्यायचंही मोजून. दिवसाला एक बाटली, पाऊण लिटरची, आणि तिच्यावर टेलरबाईने खडूने आखलेल्या रेघा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. अर्धा कप चहासुद्धा त्याच रेघांतून वजा व्हायचा.

'बस झालं' हे त्याने रागाने म्हटलं असतं तर तिने ऐकून सोडून दिलं असतं. पण तो दुकान बंद करताना दिवा मालवावा तसा म्हणाला. येत्या महिन्यापासून जाणार नाही, इतकंच. डॉक्टरांना तूच सांग, मला बोलायचा कंटाळा आलाय.

ती रडली नाही, भांडलीही नाही. शिवणाऱ्या बाईला ठाऊक असतं, ताणलं की कापड फाटतं, सैल सोडलं की वळतं. तिने दोन दिवस जाऊ दिले आणि तिसऱ्या दिवशी, त्याला न चालणारे क्षार निघून जावेत म्हणून बटाटे दुसऱ्यांदा उकळून त्यांचं पाणी फेकता फेकता, सहज बोलावं तसं म्हणाली, "अहो, आपला समुद्र बघायचा राहिलाच की."

खरोखर राहिला होता. लग्नानंतर जायचं होतं तेव्हा शाळांची पुस्तकं बांधायला आली, मग सासूबाई पडल्या, मग हे. बसने चार तासांवर ते गाव, पण सहा वर्षांत त्यांना सलग दोन दिवस मोकळे मिळाले नव्हते. जगाचा शनिवार-रविवार असतो, त्यांचा शनिवार खुर्चीत जायचा आणि रविवार त्या शनिवारचा थकवा काढण्यात.

"शुक्रवारी दुपारी निघू, रविवारी परत. दोन दिवस नुसतं बसायचं. काही बघायचं नाही, काही करायचं नाही," ती म्हणाली. "समुद्र बघून या, आणि मग ठरवा. तेव्हाही बस म्हणालात तर मी अडवणार नाही."

त्याने खळीचा ब्रश खाली ठेवला. "शब्द?"

"शब्द."

त्या शब्दावर तिने आपलं सगळं लावलं होतं. तिचा हिशोब साधा होता: एकदा त्याला कशाची तरी ओढ लागली की ती ओढच त्याला पुढच्या मंगळवारपर्यंत नेईल.

मग खुर्चीची जुळवाजुळव सुरू झाली. दवाखान्यात अदलाबदलीची एक मुकी रीत होती. कुणाच्या घरी कार्य, कुणाला गावाला जायचं, की ज्याचे दिवस वेगळे त्याच्याशी खुर्ची बदलायची. सिस्टरना आधी सांगायचं, बाकी आपापसात. सोमवार, बुधवार, शुक्रवारवाल्यांत एक म्हातारा ट्रकड्रायव्हर होता. त्याने एका शब्दावर आपले दिवस देऊन टाकले.

"जा बिनधास्त," तो म्हणाला. "समुद्राला म्हणावं, इथे सोळा जणांची तहान पडून आहे. फक्त माझ्या नावाने घोट घेऊ नका, खारट असतो म्हणे."

समुद्रकाठच्या खोलीवालीशी फोनवर बोलणं झालं. खोली वरच्या मजल्यावर, चौदा पायऱ्या, मधे टेकायला कठडा आहे का हे टेलरबाईने दोनदा विचारून घेतलं. खोलीवाली म्हणाली की खिडकी उघडली की समोर पाणीच पाणी, दुसरं काही नाही. नणंद गल्लीच्या टोकाला राहायची, तिला हे कळल्यावर ती येऊन कापडाच्या ढिगावर बसली आणि हसायला लागली. वहिनी, म्हणाली, दोन दिवसांसाठी नवा कोट? दादा काय बोहल्यावर चढणार आहेत?

कोट खरंच शिवायला घेतला होता. समुद्राचा वारा गार असतो आणि त्याच्या अंगात ऊब टिकत नाही. जाड कापड, आत दुहेरी अस्तर, उंच कॉलर, चार खोल खिसे. मशीन चालवता चालवता तिच्या तोंडी आपोआप ओळी यायच्या, जात्यावर पीठ यावं तशा, मागच्या ओळीला पुढची जोडत:

समुद्र म्हणे बाई, माझ्यापाशी पाणी फार
तहानल्या ओठाला गं त्याचा नाही उपकार

"गाणं तरी बरं म्हण," पलीकडून बाइंडर म्हणायचा. "समुद्राला काय वाटेल?"

ती मनातल्या मनात उडी मारायची. कारण हा माणूस पुन्हा चेष्टा करत होता. आठवड्याभरात त्याने उरल्यासुरल्या कागदांची एक चिमुकली वही शिवली, निळ्या कापडात बांधली आणि तीत सहल लिहून काढली. शुक्रवार दुपारी दोन, बस. सहा, पोचणे. साडेसहा, खिडकी. शनिवार सकाळ, वाळू, पायात काही नाही. शनिवार दुपार, काही नाही. शनिवार संध्याकाळ, पुन्हा काही नाही. रात्री ती वही तो उशाशी ठेवायचा. एकदा त्याने विचारलं, लाटेचा आवाज झोपेत ऐकू येतो का गं? तिला माहीत नव्हतं, पण ती हो म्हणाली.

सोमवार, बुधवार ड्रायव्हरच्या खुर्चीत नीट गेले. शुक्रवार उजाडला.

यंत्र संपायचं एक वाजता, बस दोनला. घरी येऊन कपडे बदलायला वेळ नव्हता, म्हणून तिने त्याला सकाळीच सहलीचे कपडे चढवले. आत रोजचाच पातळ सदरा, ज्याची डावी बाही तिने खांद्यापर्यंत उसवून दाबाची बटणं लावली होती. वरून कोट. पायात जाड बूट, कारण वाळूपर्यंतची वाट दगडांची होती. वाकलं की त्याला गरगरतं, म्हणून नाड्या तिनेच बांधल्या, घट्ट, दुहेरी गाठीच्या. खिशांत वही, चष्मा, औषधांचा पुडा, पंचा. आरशासमोर तो उभा राहिला तेव्हा सहा वर्षांत पहिल्यांदा दवाखान्याला निघालेला माणूस वाटला नाही.

खुर्चीत बसण्याआधी वजन करायचं असतं. अंगातलं सगळं जादा पाणी काढल्यावर माणूस जितका उरतो ते त्याचं कोरडं वजन. बाइंडरचं चौपन्न. काटा त्याहून जितकं जास्त दाखवेल तितकं पाणी यंत्राने ओढायचं. आकडा घरच्या माणसाने वाचून चिठ्ठीवर लिहायचा अशी तिथली पद्धत, आणि टेलरबाईच्या आकड्यावर तर सगळ्या सिस्टर डोळे मिटून विश्वास ठेवत. मापाची बाई. आजवर कधी चुकली नव्हती. सहा वर्षं ती त्या काट्याकडे बघत आली होती, इतकी, की काट्यावर उभ्या माणसाकडे वर बघायची सवयच मोडली होती. दर वेळी सपाता काढून, पातळ सदऱ्यात चढणारा माणूस आज बूट-कोटासकट चढला. तिने खाली पाहिलं.

पावणेअठ्ठावन्न.

दोन दिवसांनी तो छप्पन्नच्या आसपास असायचा. फार तर थोडं वर. तिचा हात चिठ्ठीवर थांबला. मग आतून काहीतरी चढत गेलं, राग की लाज तिलाच कळलं नाही.

"किती प्यायलात?" तिने हळूच विचारलं.

"नेहमीइतकंही नाही."

"खरं सांगा. मी रागावत नाही."

"नाही प्यायलो गं."

"मग काटा खोटं बोलतो का?"

तो काट्यावरून उतरला. तिला वाटलं, आनंदाच्या भरात ओट्यावरच्या माठातून चोरून प्यायला असेल, लहान पोरासारखा, आणि आता कबूल करायला जड जातंय. तिने त्याला माफही करून टाकलं, तिथल्या तिथे. आकडा लिहिला. शुक्रवारच्या सिस्टरने चिठ्ठी वाचली, म्हणाली, आज जरा जास्त काढावं लागणार, आणि यंत्रावर पावणेचार लिटरचा आकडा बसवला. कोट काढून टेलरबाईने खुर्चीच्या पाठीला लावला. बूटही तिनेच सोडले आणि खुर्चीखाली जोडीने ठेवले.

पहिले दोन तास बरे गेले. तिसऱ्या तासाला त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. त्याने ओठ दाबून धरले. काय होतंय म्हणून तिने विचारलं तर मान हलवली. सांगितलं असतं तर यंत्र थांबलं असतं, मग उशीर, मग बस गेली असती. घड्याळात पावणेबारा झाले होते. त्याचा चेहरा खळीच्या पाण्यासारखा पांढुरका झाला, तिने हाक मारली तेव्हा डोळे उघडे होते पण नजर कुठेच नव्हती.

मग धावपळ. यंत्राची किणकिण, खुर्चीची पाठ सपाट, पाय वर, सलाईनची पिशवी दाबून दाबून आत. सिस्टरने टेलरबाईला खांद्याला धरून मागे सारलं. मागे सरताना तिचा हात खुर्चीच्या पाठीवरच्या कोटाला लागला, आणि तो तिच्या अंगावर घसरला. जड. तिने तो दोन्ही हातांत धरला. मग खाली वाकून बूट उचलले. कुणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ती कोपऱ्यातल्या काट्यापाशी गेली, कोट आणि बूट त्यावर ठेवले आणि उभी राहिली.

अडीच किलो.

अडीच किलो कापड आणि कातडं तिने त्याच्या रक्तातून उपसायला लावलं होतं. मनात तिने वजाबाकी केली: सव्वापंचावन्न. तो खरंच नेहमीपेक्षा कमी प्यायला होता.

तिने सिस्टरला तिथेच सगळं सांगितलं. सिस्टरने स्वतःच्या कपाळाला हात लावला, कारण चिठ्ठी वाचताना तिनेही मान वर करून पाहिलं नव्हतं.

तो वाचला. पण रक्ताचा दाब इतका खाली गेला होता की डाव्या हाताच्या शिरेत रक्त गोठून ती बंद पडली. सहा वर्षं त्या शिरेवर हात ठेवला की आत मधमाशी गुणगुणावी तशी थरथर लागायची, झोपताना टेलरबाई रोज चाचपून बघायची. आता तिथे काही नव्हतं. शनिवारी सकाळी डॉक्टर आले, खाटेशी बसले आणि शांतपणे म्हणाले की हातात ऑपरेशन करून नवीन वाट काढावी लागेल, ती तयार होईपर्यंत मानेतून नळी. दोन्हीला संमती हवी, आणि दुपारच्या आत, कारण मंगळवारपर्यंत थांबता येणार नाही. कागद आणि पेन ठेवून ते गेले.

खिडकीबाहेर पार्किंग होतं. एक माणूस गाडीचा आरसा पुसत होता.

"कोट होता," ती म्हणाली. "कोट आणि बूट. माझ्या लक्षात आलं नाही. तुम्ही प्यायला नव्हता."

"नव्हतो," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक होता. "बाटलीतले दोन घोट रोज मागे टाकत होतो. तू झोपलीस की ओतून द्यायचो. म्हटलं, अंगात जागा करून ठेवू. तिथे खिडकीत बसून एक अख्खा पेला प्यायचा होता. एका दमात. तुला न विचारता."

तिने त्याच्या हाताला हात लावला, त्या बंद पडलेल्या शिरेवर नाही, जरा खाली.

"मी सांगितलं होतं तुला," तो म्हणाला.

"हो."

"तुला आता पटलं ते कोटाने सांगितलं म्हणून. मी सांगून नाही पटलं."

त्याच्या बोलण्यात राग असता तर तिला तो अंगावर घेता आला असता. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना कुणीतरी चमच्याने सूप भरवत होतं.

"आपलं ठरलं होतं," तो म्हणाला, "समुद्र बघून मग ठरवायचं."

"पुढच्या आठवड्यात जाऊ. ड्रायव्हरकाकांना पुन्हा विचारते. नाहीतर दुसरं कुणी..."

"कागद दे इकडे."

तिने दिला. त्याने तो वाचलाच नाही. छातीवर धरून, उजव्या हाताने, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर नाव घालायचा तशा नेटक्या अक्षरांत सही केली. दोन्ही जागी. पेनाचं टोपण लावलं.

तिने सुटकेने कागदाकडे हात पुढे केला. कागद हाती येण्याआधीच बाइंडर बोलला.

"सही तुझ्यासाठी केली. नेशील तिथे येईन, बसवशील तिथे बसेन. पण एक कर. मला पुन्हा कुठे न्यायचं ठरवू नकोस. तेवढं मला सोसत नाही."

"अहो..."

"या आठवड्यात किती बरं वाटत होतं मला," तो म्हणाला. "ते पुन्हा नको."

त्याने डोळे मिटले. टेलरबाई कागद हातात घेऊन उभी राहिली. तिला जे हवं होतं ते त्या कागदावर होतं, त्याच्याच हातचं. तो मंगळवारी येणार होता, गुरुवारी येणार होता, शनिवारी येणार होता, कितीही वर्षं.

"बरं," ती म्हणाली, आणि कागद द्यायला सिस्टरच्या टेबलाकडे गेली.