निळ्या थेंबांची बाटली

मित्रांनो, मला उजेडात धरून तिरकी केलीत तर तळाशी वाळलेला एक निळा ओघळ दिसेल. माझ्या पोटात आता तेवढेच उरले आहे. मी गडद तपकिरी काचेची, रबरी बोंडाचा ड्रॉपर असलेली, मुठीत मावणारी एक रिकामी बाटली आहे. ज्या घरात मी राहते त्या घरातली बाई नाटकांसाठी केसांचे टोप बनवते. तिच्या कामाच्या खोलीत फळीवर लाकडी डोक्यांची रांग आहे, आणि त्या रांगेच्या मागे मी पडून असते. मला कुणी फेकत नाही आणि कुणी हातही लावत नाही. माझी कहाणी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना गोड शेवट हवा असेल त्यांनी एखाद्या अत्तराच्या बाटलीकडे जावे.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेली काच साच्यात पडली, आत हवा फुंकली गेली आणि मला पोट आले. आम्हा बहिणींचा रंग तपकिरी ठेवला, कारण आमच्यात जे भरायचे होते ते उजेडाने बिघडते. पुढे एका स्वच्छ, गार खोलीत डोक्याला टोप्या घातलेल्या बायकांनी आम्हाला धुतले, सुकवले आणि आमच्यात ते निळे पाणी भरले. तो निळेपणा शाईचा नव्हता, तांब्याचा होता. प्रथिनाचा अगदी बारीक तुकडा म्हणजे पेप्टाइड. त्याला तांब्याचा कण धरून ठेवता येतो. अशी जोडी माणसाच्या रक्तातही असते आणि वयाबरोबर कमी होत जाते, असे त्या बायका बोलताना मी ऐकले. त्वचेची आग शमवायला, केसांच्या मुळांना बळ द्यायला तिची मदत होऊ शकते, असेही त्या म्हणत. मदत होऊ शकते, एवढेच. आमच्या खोक्यावर मात्र लांबसडक केसांची एक बाई छापली होती, आणि ‘होऊ शकते’ हे शब्द तिच्या पायाशी इतक्या बारीक अक्षरांत होते की ते वाचायला मुंगी व्हावे लागले असते.

तरीही मला माझा गर्व होता. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडणार, या विचाराने मी औषधाच्या दुकानात ऐटीत उभी होते. तिथेच टोपवालीने मला पाहिले.

“मुलीच्या डोक्यात मागच्या बाजूला चाई पडलीय,” ती दुकानदाराला म्हणाली. “रुपयाएवढ्या जागेतले केसच गेलेत. केसांसाठी काहीतरी चांगलं द्या.”

“चाईच आहे की दुसरं काही, ते मी इथून कसं सांगू, बाई? जागा लाल आहे का? जळजळते का?”

“थोडी जळजळते म्हणते.”

“मग आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. हे निळं औषध वाईट नाही. मूळ जिवंत असेल तर त्याला आधार मिळतो, तोही सगळ्यांना नाही, आणि काही महिने लावावं लागतं. पण जळजळत असेल तर नुसत्या यावर विसंबून राहू नका.”

“अहो, माझं सगळं आयुष्य केसांत गेलं,” ती हसून म्हणाली. “मला केसांचं काय सांगता!”

हे तिचे म्हणणे खोटे नव्हते. तिच्याएवढा केस कुणाला कळत नसेल. टोपाच्या जाळीवर आकड्याच्या सुईने एकेक केस गाठ मारून बसवावा तर तिनेच. पण मित्रांनो, तो सगळा कापलेला केस. जिवंत केसाचे मूळ कातडीच्या आत असते, आणि तिथे तिचा कधी संबंध आला नव्हता. हा फरक तिच्या लक्षात आला नाही. तिने मला पिशवीत टाकले आणि ती घरी आली.

घरी तिची मुलगी होती. आई तिला मासोळी म्हणे, कारण ती तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवत असे. शिकवत असे म्हणजे महिनाभरापूर्वीपर्यंत. ओले केस डोक्याला चिकटले की ती उघडी जागा लख्ख दिसायची. एके दिवशी पाण्यातल्या एका चिमुरडीने सगळ्यांसमोर ओरडून विचारले, “ताई, तुमच्या डोक्याला भोक कसं पडलं?” काठावरच्या आया हसल्या. मासोळीही हसली. नंतर ती घरी आली, तिने रजा टाकली आणि खोलीचा पडदा ओढून घेतला. कधीमधी जेवायची, कधी ताट तसेच परत जायचे. आई दाराबाहेर उभी राहून ऐकत असे.

माझे काम सुरू झाले. सकाळी मासोळी बाकावर पालथी पडायची, आई केसांत भांग पाडून त्या जागेवर माझे थेंब सोडायची आणि बोटांनी हळूहळू चोळायची. तिच्या हाताला जणू वजनच नव्हते. मुलीला बहुतेक वेळा डोळा लागायचा. मी माझे काम मनापासून केले. पण वरून मला जे दिसत होते ते बरे नव्हते. ती जागा दिवसेंदिवस गुळगुळीत होत होती, लाकडी डोक्यासारखी चकचकीत. कडेला लाल पट्टा होता आणि तो सरकत होता. आईलाही ते दिसत होते. तिची बोटे त्या जागेवर थांबायची आणि पुन्हा फिरू लागायची.

“काही आलं का गं आई?” मुलगी रोज विचारायची.

“येईल, बाळा. थोडा धीर धर.”

एके सकाळी मुलीने विचारलेच नाही. ती नुसतीच पडून राहिली. रात्रीचे जेवण तसेच झाकून ठेवलेले होते. आईने एकदा त्या ताटाकडे पाहिले, एकदा त्या डोक्याकडे पाहिले आणि ती म्हणाली, “अगं, लव आलीय की!”

मासोळी ताडकन उठून बसली. “खरंच?”

“खरंच. बारीक आहे, पण आहे.”

त्या दिवशी मुलगी पोटभर जेवली. तिने पडदा सरकवला. शेजारच्या खिडकीतल्या मांजरीला नावे ठेवली. घर पुन्हा घरासारखे वाटू लागले. मलाही क्षणभर बरे वाटले, खोटे कशाला बोलू? पण संध्याकाळी ती दोन आरसे घेऊन आईपुढे आली. “मला दाखव ना.”

“आता उजेड नाही. उद्या दाखवते.”

आणि मित्रांनो, दुसऱ्या दिवशी तिने दाखवले. मुलीला बाकावर झोप लागल्यावर तिने ट्रंकेतून मासोळीची लहानपणी कापलेली वेणी काढली. त्यातले केस तिने अगदी आखूड कापले. नाटकवाल्यांच्या कपाळावर टोप चिकटवायचा डिंक फळीवर माझ्या शेजारीच असे. त्यात बुडवून चिमट्याने एकेक केस तिने त्या चकचकीत जागेवर उभा केला, विरळ, थोडा वाकडातिकडा, जसा नवा केस उगवतो तसा. तिच्या आयुष्यातले ते सर्वांत सुबक काम असेल. ते पाहण्यासारखे होते आणि मला पाहवत नव्हते.

मुलीने आरशात पाहिले. तिने मला उचलले आणि माझ्या काचेचा मुका घेतला. “हिने केलं, आई! या बाटलीने केलं!” खालच्या मजल्यावरच्या काकूंना तिने हाक मारून वर बोलावले आणि मला त्यांच्यापुढे नाचवले. आयुष्यात माझे एवढे कौतुक कधी झाले नव्हते. आणि ते सगळे त्या शेजारच्या डिंकाच्या बाटलीचे होते. ती बापडी गप्प बसली होती.

मग ते चालूच राहिले. “हात लावू नकोस, नाजूक आहेत,” असे आईने सांगून ठेवले. डोके तीच धूत असे. गळलेल्या केसांच्या जागी नवे लावत असे, थोडे आणखी लांब. तिच्या मनात एवढेच होते की माझे थेंब कधीतरी लागू पडतील, खरे केस येतील आणि मग खोटे काढून टाकता येतील. तोवर पोरगी हसती राहू दे. मला तिचा राग येई आणि कीवही येई. कारण त्या डिंकाने जागा आणखी पेटत होती.

“आई, फार जळजळतंय गं.”

“औषध लागू पडतंय, बाळा. केस फुटताना असंच होतं.”

मला तोंड असते तर मी ओरडले असते. जळजळ ही त्या कातडीची हाक होती, आणि आई ती माझ्या नावावर खपवत होती. दुकानदाराने नेमके हेच विचारले होते. डॉक्टरकडे जायला तेव्हाही वेळ होता. पण डॉक्टर पहिल्यांदा ते केस उपटून बघेल, ही भीती आईला आता पडली होती. खोटे लपवायचे म्हणून दवाखाना टळत राहिला.

शेवटी मासोळी कामावर रुजू झाली. सकाळी निघताना तिने मला पिशवीत घातले, शकुनाची म्हणून. नाजूक केस जपायला या वेळी तिने ते पोहण्याच्या रबरी टोपीत कोंबले आणि ती पाण्यात उतरली. मी काठावर होते. मुलांनी तिला घेरले, “ताई आल्या, ताई आल्या!” असा गलका झाला. तिचा आवाज त्या दिवशी सगळ्या तलावावर ऐकू येत होता.

काम संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत तिने टोपी काढली आणि झटकली. रबराच्या आतल्या बाजूला बारीक केस चिकटलेले होते, पुष्कळ. तिने एक केस बोटावर घेतला आणि खिडकीपाशी जाऊन पाहिला. मित्रांनो, ही मुलगी टोपांच्या खोलीत वाढलेली. लहानपणी तिचे कामच ते होते, केसांच्या जुड्या लावताना सगळी मुळे एका बाजूला आणि सगळी टोके दुसऱ्या बाजूला करून द्यायची. आपोआप गळलेल्या केसाच्या बुडाला पांढरा ठिपका असतो, हे तिला आईनेच शिकवले होते. तिने दुसरा केस पाहिला, तिसरा पाहिला. मग हात मागे नेऊन डोक्यावरून बोट फिरवले. ते बोट चिकट झाले.

घरी आई जाळीवर सुई चालवत बसली होती. मासोळीने टोपी उलटी करून तिच्या मांडीवर ठेवली.

“यांना मूळ नाही, आई.”

आईने टोपीकडे पाहिले. हातातली सुई तिने खाली ठेवली नाही.

“तू जेवत नव्हतीस गं,” ती म्हणाली.

“मी म्हणतेय काय, तू सांगतेस काय! मला किती जळजळत होतं! मी तुला रोज सांगत होते!”

“मला वाटलं, येतील तोवर...”

“आले का?”

आई रडली, पण तिच्याजवळ कुणी गेले नाही.

मग दोघी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी आधीच सांगितले होते, काय काय लावत होतात ते घेऊन या. म्हणून मीही गेले आणि डिंकही गेला. त्यांनी भिंगाच्या दिव्याखाली ती जागा बराच वेळ पाहिली. मला उचलून माझे लेबल वाचले.

“याने काही बिघडलं नाही,” त्या म्हणाल्या. “पण हे मुळाला मदत करतं, मेलेल्या मुळाच्या जागी नवं मूळ लावत नाही. ही साधी चाई नव्हती. आतली सूज मुळं खात होती. ही बघा, इथली केस उगवायची भोकंच बुजलीत. आत व्रण झालाय. इथे आता केस येणार नाही.”

“काहीच करता येणार नाही?” आईने विचारले.

“कडेचा भाग लाल आहे, तिथली मुळं अजून आहेत. ती वाचवायचा प्रयत्न करू, त्यासाठी औषधं वेगळी. पण मधली जागा गेली. पहिल्यांदा जळजळ सुरू झाली तेव्हाच आला असतात, तर बरीच वाचली असती.” मग त्यांनी डिंकाची बाटली बाजूला सारली आणि विचारले, “आणि हे कुणी लावलं?”

“मी,” मासोळीच म्हणाली. “मीच लावलं.”

आईने तिच्याकडे पाहिले. मासोळीने मात्र आईकडे पाहिले नाही. मित्रांनो, मी काचेची आहे, पण तो क्षण मला सोसला नाही.

त्यानंतर माझे थेंब बंद झाले. मी फळीवर लाकडी डोक्यांच्या मागे गेले आणि उरलेसुरले निळे पाणी हळूहळू आटून गेले. मासोळी पुन्हा कामावर जाते. तिने केस अगदी बारीक कापले आहेत आणि ती जागा उघडीच ठेवते. कुणी विचारले तर काय झाले ते सांगते. लाल पट्टा थांबल्यासारखा वाटतो, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. त्याची खात्री त्या देत नाहीत.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. माझ्यासारख्या बाटल्यांकडून मदतीची आशा जरूर ठेवा, पण आमच्या भरवशावर दुखणे अंगावर काढू नका. कातडी जळजळली, लाल झाली, गुळगुळीत झाली, तर जाणत्या डॉक्टरकडे लगेच जा. मूळ एकदा गेले की ते कुणाच्याही थेंबांनी परत येत नाही. आणि आपल्या माणसाच्या डोक्यावर तुम्ही हात फिरवत असाल, तर तिथे जे दिसेल तेच त्याला सांगा. त्याला ते दिसत नसते. तो तुमच्या डोळ्यांवर विसंबलेला असतो.

नवे औषधही मागच्या बाजूलाच लावायचे असते, आणि तिथे मासोळीचा स्वतःचा हात नीट पोहोचत नाही. रोज सकाळी आई हात धुऊन, पुसून दारात येते.

“मी लावू का गं?”

“नको,” मासोळी म्हणते. तिचा आवाज रागाचा नसतो. “काकू येताहेत.”

मग खालच्या मजल्यावरच्या काकू येतात, बाकाशी बसतात आणि आपल्या जाड, थरथरत्या बोटांनी औषध लावू लागतात. अर्धे केसांनाच लागते. आई दारातूनच बघत उभी राहते.

“काय दिसतंय, काकू?” मासोळी विचारते.

“काही नाही गं, पोरी,” काकू म्हणतात. “कालच्यासारखंच आहे.”

“बरं,” मासोळी म्हणते आणि डोळे मिटून घेते.