खाण निघाली पलीकडच्या हद्दीत

नकाशा नशिबावर सोडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आपला नकाशा कसा, ठरलेला असावा. सोन्याची खाण टेकडीमागे म्हणजे टेकडीमागेच. कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या एका खेळातला एकच नकाशा मी कॉलेजपासून घोकलाय; डोळे मिटून खेळलो तरी कुणाच्या बापाला हरायचो नाही.

म्हणूनच सृष्टीला बघायला नाशिकला गेलो आणि तीही तोच खेळ खेळते असं कळलं, तेव्हा मी मनातल्या मनात हळद लावून घेतली. मुलगी मला पाहताक्षणी आवडली होती. आता फक्त तिनं हो म्हणायचं होतं.

पोहे झाले. "दोघांना बोलू द्या," म्हणून मोठ्यांनी आम्हाला आतल्या खोलीत पाठवलं. तिथं टेबलावर दोन लॅपटॉप समोरासमोर मांडलेले.

"एक डाव खेळू," ती म्हणाली. "नकाशा मात्र रँडम."

"का पण?"

"पाठ करून आलेलं तर सगळेच दाखवतात. मला न घोकलेला माणूस बघायचाय."

डाव सुरू झाला. दोघांनाही एकेक गाव आणि मूठभर मजूर मिळाले. बाकी सोनं, दगड, झाडं खेळानं मनाला येईल तिथं फेकलेली. माझ्या वाट्याला काय आलं? जंगल आणि बकऱ्या. सोन्याचा कण नाही.

"हा काय नकाशा झाला?" मी म्हणालो. "नुसत्या बकऱ्या. हे वाटप केलं कुणी?"

फिरता फिरता माझ्या मजुराला खाण सापडली, पण नदीपलीकडे, तिच्या हद्दीत. दुसऱ्या कुणी सरळ फौज घातली असती. माझा हात मात्र माउसवरच थांबला. आमच्या दिंडोरीत एका बांधापायी चुलत्यांशी बोलणं बंद आहे. दुसऱ्याच्या बांधावरचं गवतसुद्धा विचारल्याशिवाय कापायचं नाही, हे आईनं मला बाराखडीच्या आधी शिकवलंय.

"ऐका ना," मी म्हणालो. "तुमच्या खाणीवर माझे चार मजूर आणले तर चालेल का?"

तिनं मान वर केली. "तुम्ही विचारताय?"

"नाहीतर बांधावरून उगाच भांडण व्हायचं."

"अहो, खेळ युद्धाचा आहे."

मग तीच हसायला लागली. मी हल्ला करणार म्हणून तिनं गावाभोवती भिंतीच भिंती बांधल्या होत्या आणि त्या नादात तिच्या लोकांचं अन्न संपलं होतं. माझ्याकडे बकऱ्या होत्या. तिनं भिंतीला फाटक केलं. बकऱ्या आत गेल्या, माझे मजूर खाणीवर लागले.

"तरी नकाशा भिकारच होता," मी म्हणालो.

"मनासारखं नाही मिळालं की असंच कुरकुरता?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण "हो" म्हणालो.

तेवढ्यात बाहेरून आईची हाक आली, "मयूर, झालं का बोलून? चहा लय गार झालाय."

बाहेर आल्यावर सृष्टीच्या वडिलांनी विचारलं, "मग, काय ठरलं?"

"कुरकुरतात फार," ती म्हणाली. "पण दुसऱ्याच्या बांधावर विचारल्याशिवाय पाय ठेवत नाहीत. मला पसंत आहेत."

आत काय झालं हे आईला ठाऊक नव्हतं. बांधाचं तेवढं कळलं, आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.