मार्सेलेआजीचा पुसलेला आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, माझ्यातला एक भाग आवाज साठवतो आणि त्याला लागूनच असलेला दुसरा भाग आधीचा आवाज पुसतो. माझी सगळी गोष्ट या दोन भागांची आहे.

माझा जन्म लिथुआनियातल्या विल्निअस शहरात, एका कारखान्यात झाला. तिथून मी भाषेचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत आलो. दांगुओले नावाची तरुण संशोधक मला पाठीवर बांधून खेडोपाडी हिंडायची. मी चांगलाच जड होतो, पण तिनं कधी कुरकुर केली नाही. सरहद्दीपलीकडे, बेलारूसमध्ये, लिथुआनियन बोलणारी गावं एकेक करून गप्प होत चालली होती. अशाच एका गावात ती भाषा बोलणारं एकच माणूस उरलं होतं, एक्क्याऐंशी वर्षांची मार्सेलेआजी.

"एवढं धूड घेऊन आलीस, आणि ते जेवत नाही होय?" मला बघून आजी म्हणाली आणि तिनं दांगुओलेपुढे बटाट्याची धिरडी ठेवली.

आजी धुराला 'दूमास' म्हणायची, देवाला 'दिएवास'. दांगुओले म्हणाली, "आजी, हे शब्द हजारो वर्षांचे आहेत."

"मग माझ्याहून थोरलेच की!" आजी हसली. दांगुओलेनं एक शब्द तिच्यामागून म्हणून पाहिला, तर आजीनं कपाळावर हात मारला. "सूर चुकवलास गं पोरी, की अर्थच बदलतो! मी म्हणाले उजाडतंय, तू म्हणालीस सूप निवतंय. शहरात शिकवतात तरी काय?"

तेवढ्यात आजीची लेक वांदा धारा काढून घरात आली. ती बेलारूसी भाषेत म्हणाली, "आई, पुन्हा तीच बडबड? लोक हसतात."

वांदा बाहेर गेल्यावर आजी हळूच बोलू लागली. "शाळेत हिला पोरं चिडवायची. म्हणून मीच घरात आपली भाषा बंद केली. रशियाच्या झारच्या काळात आपल्या लिपीत पुस्तकं छापायला बंदी होती, तेव्हा माझा बाप बुटात पुस्तकं लपवून आणायचा. झारच्या शिपायांना जे जमलं नाही, ते मी माझ्याच चुलीपाशी करून दाखवलं."

मग ती माझ्याजवळ सरकली आणि वीस मिनिटं आपल्या भाषेत फक्त वांदासाठी बोलली. तिच्या जन्माचं, तिच्या तापाचं, तिला कधीच न सांगितलेलं. "आज तिला नाही कळायचं," ती दांगुओलेला म्हणाली. "कधी विचारलंच तिनं, तर ऐकव."

दांगुओलेनं त्या फितीची दुसरी प्रत काढायची ठरवलं होतं. आज काढू, उद्या काढू करत दोन वर्षं गेली. संस्थेत कोऱ्या फितींची टंचाई झाली, आणि एका साहेबांनी हाताला लागली ती फीत माझ्यावर चढवून सभेचं भाषण भरलं. मित्रांनो, मला ओरडता आलं नाही. आजीचा आवाज मीच पुसला.

आजी गेली. त्यानंतरच्या वसंतात वांदा काळा रुमाल बांधून संस्थेत आली. "आई काय बोलली होती ते ऐकायचंय," ती म्हणाली.

दांगुओलेनं मला सुरू केलं. एक पुरुष दुधाच्या उत्पादनाचे आकडे वाचू लागला. "फीत पुसली गेलीय!" दांगुओले पुटपुटली. ती मला बंद करायला धावली, पण वांदानं तिचा हात धरला. "राहू दे. शेवटी काही उरलं असेल." ती सगळं भाषण ऐकत बसली.

उरलं होतं. भाषण संपलं, आणि अगदी टोकाला आजी खोकली नि एक वाक्य बोलली.

"काय म्हणाली?" वांदानं विचारलं.

दांगुओलेनं मला थांबवलं. "म्हणाली... पुरे झालं, आता बंद कर."

वांदानं ते वाक्य तीनदा ऐकलं. मग स्वतः म्हणून पाहिलं. सूर चुकला. तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि चौथ्या वेळी अगदी आजीसारखं उमटलं. आईच्या भाषेतलं तिला येणारं तेवढं एकच वाक्य.

आता मी संस्थेच्या माळ्यावर धूळ खात पडलो आहे. माझं सोडा, मित्रांनो. तुमच्या घरात कुणी असं काही बोलत असेल, जे तुम्हाला नीट कळत नाही, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. माझ्यासारख्या यंत्राच्या भरवशावर राहू नका.