म्यानातली सुरी

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी थोरलीला मुलगी झाली, त्याच वर्षी अप्पांच्या डोळ्यांनी दगा दिला.

अप्पांनी जन्मभर भट्टीपुढे बसून सुऱ्या घडवल्या. शेवटच्या दोन त्यांनी आपल्या दोन लेकींना दिल्या होत्या. हातात बळ आहे तोवर त्या दोन्हींना एकदा स्वतः धार लावायची, असं आता त्यांच्या मनानं घेतलं.

धाकटी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. अप्पांचा निरोप मिळाल्यापासून ती त्या दिवसाची वाट बघत होती. कामावरून पाय ओढत घरी आली, तर दारात थोरली उभी, कडेवर मूल. तिनं आणलेल्या सुरीचं पातं म्यानातून निघता निघेना. निघालं ते गंजून लालभडक.

देतानाच अप्पांनी बजावलं होतं, म्यान वाटेपुरतं. घरी पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं आणि उघडी ठेवायची. चामडं ओल धरतं. पण बापाची आठवण कांदे चिरायला कोण काढणार? थोरलीनं ती म्यानासकट कपड्यांच्या घडीत जपली होती.

"तुझी म्हणून दे ना. तुझ्यावर ते चिडत नाहीत."

"चिडतात गं ताई. मी कानाआड करते, एवढंच."

भांडायचंही त्राण नव्हतं. धाकटीनं पॉलिश पेपर घेतला आणि घासत बसली. गंज गेला, खड्डे राहिले.

दुसऱ्या दिवशी दोघी अप्पांकडे गेल्या. धाकटीनं ती सुरी आपली म्हणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला, तो खड्ड्यांशी थांबला. मग त्यांनी मूठ आवळून पाहिली.

"तू रोज ढीगभर भाजी चिरतेस," ते म्हणाले. "ही मूठ तर कुणाच्या हातात बसलेलीच नाही."

खिडकीपाशी मुलीला थोपटणारी थोरली शेवटी म्हणाली, "माझी आहे, अप्पा. वापरायला जीव झाला नाही."

अप्पांनी नुसता दगड मागितला. धाकटी दगडावर पाणी सोडत होती, ते दम खात घासत होते. खड्डे खोल होते, दुपार त्यातच गेली. धार आली तेव्हा त्यांनी भिंतीला पाठ टेकली.

"आता कांदा चीर," ते थोरलीला म्हणाले. "मला ऐकू दे."

तिनं चिरला. त्यांनी विचारलं, पुसलीस का. ती हो म्हणाली, तेव्हा त्यांनी चाचपडत म्यान उचललं आणि आपल्या उशीखाली सारलं. ते काही परत दिलं नाही.

धाकटीची सुरी तशीच पडली होती, झिजून करंगळीएवढी झालेली.

"तुझी उद्या लावू," अप्पा आडवे होत म्हणाले.

"राहू दे अप्पा. माझी मी लावते."

दुसऱ्या दिवशी त्यांना बसता आलं नाही, पुढेही नाही. थोरलीची मुलगी पावलं टाकायला लागली, त्या आठवड्यात अप्पा वारले.